वासाचा नियम

बायकोला दारू पाजून नाथूला काय मिळणार होतं, ते आधी मांडू. घोटापायी बायको हाताखाली राहणार. मारलं तरी तिचं कुणी खरं धरणार नाही. वर ‘बिचारा, बेवड्या बाईशी संसार करतो’ ही गावभरची कणव फुकटात. एका बाटलीत एवढं देणारा दुसरा धंदा आंबेनळी घाटाखाली तरी आमच्या ऐकिवात नाही.

सुरुवात त्यानं मायेनंच केली. भातलावणीत वाकून बायकोची, ज्योतीची, कंबर धरली, तेव्हा म्हणाला, “घे गो दोन घोट. औषधच हाय.” दिवाळीपर्यंत सकाळी तिचे हात कापायला लागले. मग बाटली गेली पेटीत, किल्ली त्याच्या करगोट्याला. “आधी म्हशीचं आवर, मग बघू.” ती माहेरी दासगावला जाते म्हणाली, की हा नुसती किल्ली वाजवायचा.

आमच्या गावकीचा नियम आहे: तोंडाला वास असेल त्यानं देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, बोलायचं नाही. एका शिमग्यात डोकी फुटली, तेव्हापासूनचा. ज्योतीनं दोनदा माराची तक्रार नेली. दोन्ही वेळा नाथूनं निघताना तिला पाजलं आणि स्वतः अंघोळ करून, टिळा लावून, कोरडा येऊन बसला. अध्यक्ष रामजींनी वास घेतला नि म्हणाले, “बस खाली, बाय.”

तिसऱ्या खेपेला ज्योतीनं दात आवळले. तीन दिवस अंग थरथरत होतं, पण तिनं मागितली नव्हती.

“आये, हात धर हिचं!” नाथू ओरडला.

बयाबाईनं सुनेचे हात धरले. नेहमीच धरायची. नाथूनं जबडा उघडून ओतली, आणि ज्योतीनं तोंडभर त्याच्या सदऱ्यावर फुरकन सोडली. थोडी सासूच्या हातांवरही. बदलायला वेळ नव्हता. बाहेर गावकीची हाक पडली होती.

सहाणेवर ज्योतीच्या तोंडाला वास आलाच. रामजींनी तिला बसवलं आणि नाक नाथूकडं वळवलं.

“तू पण रे?”

“मी नाय प्यायलो! अंगावर सांडली.”

“कशी सांडली?”

नाथूनं मनात हिशेब मांडला. पाजताना सांडली म्हणावं तर सगळंच उघडं.

“...प्यायलो थोडी.”

“मग तू पण बस. घरातलं कोरडं कोण हाय?”

सगळ्या माना बयाबाईकडं फिरल्या. नाथूला बरंच वाटलं. आई आपलीच.

म्हातारी उठली. “खोटं बोलतो. प्यायला नाय, हिला पाजताना सांडली. दोन वर्सं पाजतोय नि मारतोय. हात मी धरायची.”

“मग आजच कशी बोललीस गो?” मागनं ठमाबाईनं टोमणा हाणला.

“वास माझ्या हातांना येतोय. तोंडाला नाय, म्हणून बोलते.”

निवाडा झाला: नाथूला सात नारळ दंड. बायकोला पाजल्याबद्दल नव्हे, त्याला गावकीत नियमच नाही. सहाणेवर खोटं बोलल्याबद्दल. निवाडा गावकीच्या व्हॉट्सॲप गटावर गेला, मुंबईकर मंडळींचे अंगठे आले.

नारळ तिथंच फुटले. खोबरं साऱ्या गावानं खाल्लं, नाथूनंही दोन तुकडे घेतले. ज्योतीच्या कापऱ्या हातातून तिचा वाटा खाली पडला. उचलून, पदरात बांधून तिनं दासगावची वाट धरली. मागनं बयाबाई, घरातनं दोघींची पिशवी घेऊन.

तर भरलं कुणी? नाथूनं सात नारळ. ज्योतीनं दोन वर्षं, मारात पडलेले पुढचे दोन दात, आणि अजून कापायचे न थांबलेले हात.