पोवळ्याखालची शिवराई

मित्रांनो, मी शिवराई. जुनी, झिजलेली, तांब्याची. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपती' अशी अक्षरं होती. आता बोट फिरवलंत तरच ती लागतील. मला पाहून "एवढीशीच?" म्हणू नका हं. माझ्या तरुणपणी मी बाजारात पडले की माना वळायच्या.

माझा जन्म घणाखाली झाला. ठोकणाऱ्याला घाई असावी, कारण माझी एक कड जन्मापासूनच चेपलेली आहे. पुढे कुणाच्या तरी कमरेला बांधून मी या मुलखात आले आणि बंगळूरच्या एका मराठी घरात स्थिरावले. माझी चलती संपली तेव्हा त्यांनी मला मोडीत नाही घातलं, देव्हाऱ्यात ठेवलं. सणासुदीला चिंचेनं घासायचं, हळदकुंकू वाहायचं. घरं बदलत ते कुटुंब जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये आलं, तिथंही मी देवांच्या शेजारीच. कौतुक होतं हो माझं!

त्या घरातल्या पुष्पावतीबाईंचा मुलगा हर्ष मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे. सुट्टीत घरी आला की त्याला करमायचं नाही. म्हणून त्यानं हॉलमध्ये काचेच्या टाकीत समुद्रच मांडला. मीठ कालवलेलं पाणी, वर निळा दिवा, दोन नारिंगी मासे, काचेवर सरकणारे शंख, एक कोळंबी आणि मधोमध खडकावर पोवळं. अंगठीतलं नव्हे, जिवंत! दिवसभर ते बोटं पसरून डुलत असायचं. जहाजावर परत निघताना हर्ष म्हणाला, "आई, हे फुललेलं दिसलं की समज, मी बरा आहे." तो थट्टेनं म्हणाला, पण आईच्या मनात ते जाऊन बसलं.

तो गेला आणि बाई देव्हाऱ्यापाशी आल्या. लेकराला समुद्राच्या हवाली करायचं आणि समुद्राला काहीच द्यायचं नाही? पण बंगळुरात समुद्र कुठला? तो हॉलमध्ये होता. त्यांनी मला चिंचेनं लख्ख घासलं, कपाळाला लावलं आणि "माझ्या हर्षाला सांभाळ रे बाबा" म्हणत पोवळ्याच्या खडकाखाली सरकवलं. कुणाला सांगितलं नाही.

पहिले काही दिवस मला भारी अभिमान वाटला. मग मीठ चावू लागलं. माझ्या अंगातून काहीतरी निघून पाण्यात जात होतं. दिसत नव्हतं, पण मी कमी होत होते. घरात कुणी नसलं की पंपाचा आवाज घुमत राहायचा, कुणीतरी तोंड दाबून रडावं तसा.

एके दुपारी काचेवरचा शंख माझ्या शेजारी येऊन पडला, उताणा. मी वाट पाहिली. तो वळला नाही. मग दुसरा पडला. कोळंबी कोपऱ्यात बसली ती बसलीच. पोवळ्याची बोटं आखूड होत गेली, बुडाशी कातडी सुटून आतलं पांढरं दिसू लागलं. मासे मात्र लग्नघरात आल्यासारखे मिरवत होते. मला त्यांचीच जास्त भीती वाटायची.

दर शुक्रवारी, मुलगी पवित्रा ऑफिसला गेली की, वरून बाईंचा हात यायचा. देवाला दिलेली वस्तू मळकी कशी ठेवायची? माझ्यावर हिरवी पुटं चढलेली असत. बाई मला काढून चिंचेनं घासत आणि परत तिथंच ठेवत. घासल्यावर मीठ आणखी चावायचं. पोवळं जितकं मिटे, तितक्या बाई घाबरत आणि तितकं मला जास्त घासत. शेवटी शेवटी त्या शुक्रवारचीही वाट बघेनात. "बाई, पुरे हो!" मी ओरडायची. नाण्याचं कोण ऐकतं!

त्यातच हर्षचा फोन लागेना. जहाज दूर गेलं होतं. बाई जेवण टाकून टाकीसमोर बसू लागल्या. काचेपलीकडचा तो मोठा, निळा पडलेला चेहरा मी खालून बघायची. बुडालेलं कोण, तेच कळायचं नाही.

पवित्रा बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून ट्रॅफिकमध्ये पिचून यायची आणि खांद्यावरची बॅग न उतरवता टाकीशी बसायची. तिनं पाण्याचं मीठ मोजलं, तापमान पाहिलं, दिवा मंद केला, पंपाची धार वळवली.

"सगळं सरी आहे गं आई, कुठं काही चुकत नाहीये. मग हे मरतंय कशानं?"

"मरतंय म्हणू नकोस!" बाई किंचाळल्या. "हे गेलं तर माझा हर्ष..."

पवित्रा बॅग उतरवून आईजवळ सरकली.

रविवारी ती बराच वेळ नुसती माशांकडे बघत होती. मग म्हणाली, "शंख गेले, कोळंबी गेली, पोवळं चाललंय. मासे मात्र ठणठणीत. आई, पाण्यात तांबं उतरलं असणार. माशांना ते थोडंफार सोसतं, बाकीच्यांना विष." तिनं दुकानातून तपासणीचं औषध आणलं. नळीतल्या पाण्याला रंग चढला. चढायला नको होता.

"पण घरात तांबं आलं कुठून?"

बाईंनी चिंचेचा वास येणारी बोटं पदराखाली घेतली. आणि मग, मित्रांनो, त्यांनी खडकाकडे बोट दाखवलं.

"अय्यो, आई!"

"समुद्राला दिलीय मी ती. दिलेलं परत काढलं, तर तो माझ्याकडून काय काढून घेईल?"

मला काढलं तर नवस मोडतो, ठेवलं तर पोवळं मरतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत त्यांचा हर्षच. पवित्रानं मला उचलून फेकलं असतं तर कोण अडवणार होतं? पण तिनं हात लावला नाही.

"तूच काढ," ती हळूच म्हणाली. "पण बघ ना, पोवळं कसं मिटलंय. समुद्राला ती नकोय. हर्षण्णा लहानपणी औषध नको असलं की असंच तोंड मिटून बसायचा ना?"

बाईंनी पोवळ्याकडे पाहिलं, पदर खोचला. मग त्यांचा हात पाण्यात आला. मला मुठीत धरून त्या म्हणाल्या, "चुकलं असेल तर मला धर. पोराला नको."

पवित्रानं पाणी बदललं, तांबं शोषायला कोळशाची पिशवी सोडली, माझा डाग पडलेला खडकाचा तुकडा तोडून टाकला. पोवळ्याच्या तीन गड्ड्यांपैकी दोन पांढरेफटक पडले होते. ते गेलेच. तिसऱ्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी एक बोट बाहेर काढलं.

संध्याकाळी फोन वाजला. हर्ष!

"आई, काळजी करू नको, बरा आहे. स्वल्प अशक्तपणा आहे. इतके दिवस जेवणच जात नव्हतं. तोंडाला सारखी तांब्याची चव. पाणी तपासलं, जेवण तपासलं, काही सापडेना. कालपासून अचानक थांबलं बघ." मग हसून म्हणाला, "माझं पोवळं कसं आहे?"

पवित्राच्या हातावर काटा आला होता. बाई फोन घेऊन टाकीपाशी गेल्या.

आता मी पुन्हा देव्हाऱ्यात आहे. बाई मला लांबूनच नमस्कार करतात. मित्रांनो, जीव जरूर लावा, पण ज्याला लावता त्याला काय सोसतं तेही बघा. त्यानं तोंड मिटलं असेल, तर आणखी भरवू नका. हात मागे घ्या. आणि मला घासू नका. मी हिरवीच बरी. दूर समुद्रावर आईचा एक मुलगा आत्ता जेवायला बसला असेल.