नॉर्मंडची साखर आणि फाटकावरची खुर्ची

नॉर्मंड पेलेतिएच्या दंडावर साखर मोजायची चकती चिकटवून तीन आठवडे झाले होते. कागदाच्या गिरणीच्या नर्सबाई मार्सिया आलेख बघून म्हणाल्या, "रोज दोन वाजता दोनशे ऐंशी. काय खातोस?"

"काही नाही. त्या वेळी मशीनवर कागद तुटतो."

"रोज?"

"रोज नाही तुटत. तुटेल असं रोज वाटतं."

तीन नंबरचं मशीन तो एकोणीस वर्षं चालवत होता. कागद तुटला की पाच मिनिटांत वरून साहेबांचा फोन. आता डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, काम बदल, नाहीतर डोळे जातील.

घरी त्याच्या बायकोने, क्लॉडेटने, त्याचा डबा, गाडी, बर्फातले बूटसुद्धा तपासले. एकही डोनट सापडला नाही. तेव्हा कुठे तिला खरी काळजी वाटली.

गिरणीत निवांत जागा एकच, फाटकावरची. तिथे रोझेअर शब्दकोडी सोडवत बसायचा. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या या गिरणीचा नियम जुना होता. ज्याची नोकरी जुनी, त्याने डॉक्टरांचा कागद जोडून हव्या त्या जागेसाठी फळ्यावर चिठ्ठी लावायची, की धाकट्याने मुकाट उठायचं. रोझेअर नोकरीत चार महिन्यांनी धाकटा होता. दोघं तीस वर्षं गोठलेल्या तळ्यावर एकाच खोपटात बसून मासे धरत होते.

चिठ्ठीची मुदत शुक्रवारी चारपर्यंत. नॉर्मंड पावणेतीनपासून चिठ्ठी हातात घेऊन फळ्यासमोर उभा. फोनवर साखरेचा आकडा तीनशे बारा. मशीन बिचारं लांब, व्यवस्थित चालू होतं.

रोझेअर मागे येऊन थांबला. "लाव ना लेका. किती वेळ वाचणार?"

"तू कुठे जाशील?"

"लाकडाच्या यार्डात. थंडी आहे, पण बडबडी माणसं कमी."

"आणि तुझा दुखरा गुडघा?"

"गुडघा माझ्याबरोबर येईल. त्याला कुठे ठेवू?"

"मला नाही जमणार, रोझ."

"आंधळा झालास तर मासे कोण काढणार? मला खोपटात एकट्याला कंटाळा येतो. लाव."

नॉर्मंडने टाचणी टोचली. चिठ्ठी तिरकी लागली. रोझेअरने ती सरळ केली आणि निघून गेला.

दोन महिन्यांनी मार्सियाबाई आलेख बघून खूश झाल्या. दिवसभर एकशे तीस, एकशे चाळीस. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांची भीती टळली.

"पण हे सकाळी सहा-पन्नासला दोनशे वीस कसलं?" बाईंनी विचारलं. "न्याहारी?"

"न्याहारी आठला."

"मग?"

"सहा-पन्नासला रोझेअर यार्डात कामाला जातो. फाटक मला उघडावं लागतं."

"तो काही बोलतो का?"

"गुड मॉर्निंग म्हणतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "यावर माझ्याकडे गोळी नाही."

"नकोच," नॉर्मंड म्हणाला. "दहा मिनिटांत उतरते. तो लंगडत कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर."