फर्नक्लिफच्या सात मुठी

फर्नक्लिफ बंगल्यात चौदा खोल्या होत्या, चार शेकोट्या, एक पियानो, दारांच्या सात पितळी मुठी आणि एक नवरा. हेमांगी धुरंधरने सगळं दोनदा मोजलं. नवरा दोन्ही वेळा एकच भरला.

तो जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी बसला होता. अंगात काळा लांब कोट, डोक्यावर पाठारे प्रभूंची पगडी, मांडीवर घडी घातलेला रुमाल. चेहऱ्यावरून तिशीचा, कोटावरून सव्वाशेचा. त्याची सावली पडत होती आणि ती खिडकीच्या विरुद्ध बाजूलाच पडत होती. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलेल्या मुलीला तेवढं पुरेसं होतं. तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"उशीर केलात," तो म्हणाला.

"मी पहिल्यांदाच येतेय."

"जाताना 'येते' म्हणाला होतात."

घर सांभाळणाऱ्या सगुणाबाई चहा घेऊन आल्या. एक कप त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. "ताई, मनावर घेऊ नका. साहेब प्रत्येकीला हेच म्हणतात. चहाला तोंड लावत नाहीत, पण कप ठेवला नाही तर तोंड फुगवून बसतात. मग दिवसभर पियानो."

"चांगला वाजवतात?"

"एकच गाणं येतं. तेही अर्धं."

माथेरानचा हा बंगला धुरंधरांच्या घराण्यात आत्याकडून भाचीकडे जात असे. हेमांगीची इंदुआत्या चाळीस वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी तो बघायला आली आणि राहिली. आकाशाचं वेड हेमांगीला तिनेच लावलं. फोनवर ती सांगायची, आज व्याध कड्याच्या वर आलाय, तू गच्चीत जा. फोन ठेवताना नेहमी म्हणायची, "येते गं दिवाळीला." एकाही दिवाळीला आली नाही. गेल्या महिन्यात वकिलांचा फोन आला, की आत्या गेल्या.

हेमांगीकडे रविवारपर्यंतच वेळ होता. लडाखच्या एका वेधशाळेत तिची निवड झाली होती. सोमवारी ती मुंबईहून निघाली नसती, तर यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावणार होते. आयुष्यात तिला दुसरं काहीही इतकं हवं नव्हतं.

"आत्या गेली, म्हणून मी आलेय," ती नवऱ्याला म्हणाली.

"गेली?" त्याने रुमालाची घडी नीट केली. "या घरातून आजवर एकच बाई गेली. बाकी सगळ्या आहेत."

हेमांगी उठली आणि वाचनखोलीकडे गेली. दाराची मूठ तिने धरली, तशी मुठीनेही तिला धरलं.

पितळ ऊबदार होतं. अंगठ्याच्या जागी तिरपा व्रण होता. इंदुआत्याच्या अंगठ्यावर विळी लागली होती, अगदी तसा. हेमांगीने हलकेच दाबलं. मुठीने दोनदा दाबून उत्तर दिलं. मग तिने उरलेल्या सहा मुठी धरून पाहिल्या. एक बारीक होती, एक खरखरीत. एकीला सहावं बोट होतं. सातही जणी उजव्या.

"शेवटी प्रत्येकीला दार उघडावंसं वाटतं," नवरा मागून म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "हात ठेवतात. मग तो राहतो."

घराच्या पुढच्या दाराला मूठ नव्हती. आतल्या बाजूला स्क्रूची दोन रिकामी भोकं होती.

त्याने सगळं सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. लग्नाला वर्ष होत आलं असताना त्याची बायको ताराबाई याच दारातून माहेरी, गिरगावात निघाली. पालखीत बसताना "येते" म्हणाली. आली नाही. तेव्हापासून तो टेबलाशी बसून होता. प्रभूंच्या घरातली बाई दिलेला शब्द मोडत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. तेव्हा या दारात जी कोणी "येते" म्हणेल ती ताराबाईच, हा साधा हिशेब होता.

"आमच्याकडे निघताना सगळेच 'येते' म्हणतात," हेमांगी म्हणाली. "तो शब्द नसतो, रीत असते."

"असं कसं? मग खरंच यायचं असेल तेव्हा काय म्हणतात?"



"मावशी, बाजारातून येते हं," असं ती त्याच सकाळी सगुणाबाईंना म्हणून गेली होती, आणि बाजारापर्यंत पोचलीही होती. दुपारी ती पुन्हा तसंच म्हणून निघाली, तर लाल रस्ता फाटकापाशी संपला. पुढे झाडं होती, माकडं होती, घोडेवाल्यांचे आवाजही येत होते. रस्ता तेवढा नव्हता. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिला व्हरांड्याच्या पायऱ्यांपलीकडे पाऊल टाकता येईना. तिने तपासून पाहिलं. गप्प राहून बाहेर पडली, तर हद्द होती तेवढीच राहिली. "चहा झाला का?" असं विचारून पडली, तरी तेवढीच. मग मुद्दाम "येते" म्हणाली आणि दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर ठेच लागून पडली. पायऱ्याही गेल्या होत्या.

सगुणाबाई संध्याकाळी "येते, ताई" म्हणून खुशाल घरी जात आणि सकाळी येत. त्या रोज खरंच येत आणि त्यांना घर सोडून कायमचं कुठे जायचं नव्हतं, त्यामुळे घराची त्यांच्याबद्दल काही तक्रार नव्हती.

"अक्कल गहाण ठेवल्यागत त्या उंबऱ्याकडे काय बघता?" त्या हेमांगीला म्हणाल्या. "राहा की. नवरा घोरत नाही, पीत नाही, सासू नाही. माझी लेक असती तर दिली असती."

शनिवारी नवऱ्याने तिला आकाशाबद्दल विचारलं. तिने व्याधापासून सुरुवात केली. प्रकाशाला यायला किती वर्षं लागतात, दिसतो तो तारा आत्ता तिथे असेलच असं का नाही, हे तिने सांगितलं. तो मान वळवून ऐकत होता. एकदाही त्याने मधे तोंड घातलं नाही, एकदाही घड्याळ बघितलं नाही. इतकं कुणी तिचं कधी ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे सुंदर होते, हेही तिने पाहिलं आणि स्वतःशी कबूल केलं.

"म्हणजे तारा विझलेला असला तरी त्याची वाट बघता येते," तो म्हणाला.

"बघता येते. तो येत नाही."

"इथे राहा, ताराबाई."

"माझं नाव हेमांगी."

"हो," तो मायेने म्हणाला. "राहा, ताराबाई."

तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. नखं पिवळी झाली होती. टेबलावर टिचकी मारली तर खणकन वाजलं.

"वाचनखोलीच्या दाराशी कोण आहे?" तिने विचारलं.

"ताराबाई."

"आणि पियानोच्या खोलीशी?"

"ताराबाई."

"सातही?"

"सातही," तो म्हणाला, आणि त्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

हेमांगी उठली. स्वयंपाकघरातून तिने स्क्रूड्रायव्हर आणला आणि भाजीची कापडी पिशवी घेतली. पहिल्या दारापाशी ती उभी राहिली. शब्द ओठापर्यंत आला आणि अडला. पाच वर्षांची असताना शाळेत निघताना ती "आई, जाते" म्हणाली होती आणि आईने पाठीत धपाटा घातला होता. जाते म्हणू नये. जातात ते मेलेले. तोंडाला तेव्हापासूनचं वळण होतं. जीभ आपोआप "ये"कडे वळत होती. तिने ती दातांखाली धरली, मग सोडली.

"ही जाते," ती म्हणाली.

स्क्रू लोण्यात असल्यासारखे सुटले. मूठ तिच्या हातात आली.

"अगं बाई, अभद्र!" सगुणाबाई धावत आल्या. "भरल्या घरात जाते म्हणतात का कुणी? येते म्हणा! पटकन येते म्हणा!"

"नाही म्हणणार, मावशी. ही जाते. हीसुद्धा जाते." ती दारादारातून फिरत होती. सहा बोटांची मूठ तिने जरा जपून काढली. नवरा मागोमाग येत होता. प्रत्येक दाराशी त्याची सावली थोडी फिकट पडत होती आणि तो ती कोटाच्या बाहीने पुसून पुन्हा गडद करू पाहत होता.

"मग येणार कोण?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

वाचनखोलीपाशी तिने मूठ आधी हातात धरून ठेवली. मुठीने दोनदा दाबलं.

"इंदुआत्या जाते," हेमांगी मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज चौदाही खोल्यांत गेला आणि परत आला नाही.

पुढच्या दारापाशी नवरा वाट अडवून उभा नव्हता. तसं वागणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. तो बाजूला, पगडी हातात घेऊन उभा होता.

"येते म्हणा," तो म्हणाला. "खोटं म्हणा हवं तर. मला चालेल."

"तुम्हाला चालेल. म्हणून तर नाही म्हणणार."

"मला तुमची सवय झाली होती."

"माझी नाही," ती म्हणाली. "त्या शब्दाची." मग तिने त्याच्या सुंदर डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "मी, हेमांगी धुरंधर, जाते."

दार उघडलं. जाणारीला अडवायची त्या घराला सवयच नव्हती. पायऱ्या होत्या, फाटक होतं, लाल रस्ता होता. आत पियानोवर गाणं सुरू झालं, अर्ध्यावर आलं, आणि पुढे गेलं. तिने वळून पाहिलं नाही. पिशवी एका हातात घेऊन ती धुक्यातून झपझप चालत स्टेशनवर आली. वाटेत तिला एकदाही हात बदलावा लागला नाही.

"नेरळ," ती तिकीटबाबूंना म्हणाली. "आठ द्या."

बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "एकट्याच तर दिसताय."

"बाकीच्या पिशवीत आहेत."

"पिशवीतल्याला तिकीट नसतं हो, वजन असतं. ठेवा काट्यावर."

तिने पिशवी काट्यावर ठेवली. फळी खाली बसली. बाबूंनी वाकून काचेवरचं धुकं पुसलं, आकडा एकदा वाचला, काट्याला थाप मारली आणि पुन्हा वाचला.

तीनशे एक्क्याऐंशी किलो, चारशे ग्रॅम.