बायकोच्या वॉर्डचं अपडेट

सगळं हॉस्पिटल माझ्या बायकोला सिस्टर म्हणतं आणि कामाच्या वेळेत मलाही तसंच म्हणावं लागतं. लग्नाच्या बायकोला चारचौघांत सिस्टर म्हणताना जीभ कशी अडखळते, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ती बाळंतपणाच्या वॉर्डची इन-चार्ज आहे. मी त्याच इमारतीच्या तळघरात बसतो आणि हॉस्पिटलभरच्या कॉम्प्युटरांची अपडेट्स सांभाळतो. सॉफ्टवेअरची नवी दुरुस्ती आली की आधी ती आमच्या तळघरातल्या मशीनवर लावून बघायची, मग हिशेब खात्यात, मग औषधांच्या काउंटरवर आणि कुठे काही बिघडलं नाही तरच वॉर्डांत न्यायची. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, यावरच आमचा धंदा चालतो. फक्त पुढे कुणाला घालायचं ते आम्ही ठरवतो, म्हणून हिशेब खातं माझ्याशी नीट बोलत नाही.

त्या आठवड्यात आलेली दुरुस्ती मात्र नेहमीची नव्हती. सिस्टिममध्ये चोराला शिरता येईल असं भोक सापडलं होतं आणि त्यातून शिरून कुणीतरी दुसऱ्या एका हॉस्पिटलचे सगळे रिपोर्ट अडकवून ठेवले होते. आमच्या साहेबांनी फर्मान काढलं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जो वॉर्ड दुरुस्त होणार नाही त्याची नेटवर्कची तार उपसून टाकायची. तार उपसली की चोर येत नाही हे खरं, पण रक्ताचे रिपोर्टही येत नाहीत. मग कुणीतरी जिने चढउतार करत कागद आणायचे. मंगळवारपर्यंत एक वॉर्ड सोडून बाकी सगळे झाले. कुठला उरला हे सांगायला ज्योतिषी नको. बायको वर्षानुवर्षं टाळत आली होती, तशी याही वेळी वेळ देत नव्हती.

तिचं म्हणणं चूक होतं असं नाही, हेच माझं दुखणं. तिच्या वॉर्डात मधल्या टेबलावर एक मोठा स्क्रीन आहे. प्रत्येक खाटेवरच्या बाईच्या पोटातल्या बाळाचे ठोके त्यावर आपापल्या ओळीत धावत असतात, त्यामुळे एकच नर्स बसल्या जागेवरून सगळ्या खाटांवर नजर ठेवू शकते. अपडेटसाठी तो स्क्रीन अर्धा तास तरी बंद ठेवावा लागणार. खाटेजवळची छोटी मशीन चालू राहतात, पण मग दर खाटेपाशी एक माणूस उभं करायला हवं. आणि बाळं काही अपॉइंटमेंट घेऊन येत नाहीत.

मंगळवारी जेवताना मी विषय काढला. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि जावयाची बाजू घेणं हे त्यांनी आयुष्यभराचं काम मानलंय. जावई एवढे विनवतायत तर अर्धा तास द्यायला तुझं काय जातं, असं त्या लेकीला म्हणाल्या, जणू मी अर्धी वाटी साखर मागत होतो. बायकोने आईला शांतपणे जेवायला सांगितलं आणि मोर्चा माझ्याकडे वळवला. मी तळघरात बसून उंटावरून शेळ्या हाकतो, असं तिचं मत पडलं. मी तिला समजावलं की आम्ही कधीच आंधळेपणाने उडी मारत नाही. अपडेटच्या आधी जुन्या सिस्टिमची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर तयार ठेवतो. नव्याने घोटाळा केला की जुनी डिस्क लावायची, मशीन पुन्हा पहिल्यासारखं. परतीचा रस्ता कायम मोकळा.

"किती वेळा परतलास त्या रस्त्याने?" तिने विचारलं.

एकदाही नाही, असं मी छाती फुगवून सांगितलं. तिने हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे रस्ता आहे की नाही हेच तुला माहीत नाही. ऐक. अर्धा तास देते, पण मागे फिरायचं की नाही ते मी ठरवणार. मी 'मागे' म्हटलं की तू मागे. दोन मिनिटं थांब म्हणायचं नाही. तुझी दोन मिनिटं मला माहितेयत."

तिला ती माहीत होती, हे मला मान्य करावंच लागलं. एकदा बँकेच्या रांगेत तिला उभं करून मी दोन मिनिटांत येतो म्हणून गेलो होतो आणि परत आलो तेव्हा शिपाई शटर ओढत होता. सासूबाईंनीही त्या वेळी माझी बाजू घेतली नव्हती.

बुधवारी सकाळी ती स्वतः तळघरात आली आणि तिने माझ्याकडून एका जुन्या मशीनवर परतीचा रस्ता चालवून घेतला. दोनदा. दुपारी वॉर्डात दोनच बाया होत्या. दोन्ही खाटांपाशी एकेक नर्स उभी राहिली, तिसरी दाराशी. मी बुटांवर पिशव्या चढवून मधल्या टेबलाशी बसलो आणि अपडेट सोडलं. आकडा भराभर चढायला लागला. साहेबांचा फोन आला, मी त्यांना निम्मं झाल्याचं ऐटीत कळवलं. बायको खाटांमधून फिरत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. म्हटलं, संध्याकाळी हिला चहा आपल्या हाताने करून देऊ, जिंकणाऱ्याने मोठ्या मनाचं असावं.

शहाण्णव टक्क्यांवर माशी शिंकली. आकडा हलेना. असं होतं कधीकधी, शेवटची थोडी कामं मशीन आतल्या आत उरकत असतं. मी हाताची घडी घालून बसलो. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि स्ट्रेचरवरून एक बाई आली, कळा चांगल्याच वाढलेल्या, पोटात जुळी. तिला खाटेवर घेताहेत तोच तिच्यामागून दुसरी चालत आली, नवऱ्याचा दंड आवळून, आणि त्या दोघांत जास्त कण्हत तो होता. आता चार खाटा, तीन नर्स आणि समोर माझा अडकलेला आकडा. बायकोने खाटांकडे पाहिलं, नर्सेसकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मागे."

फक्त चार टक्के उरले होते. असल्या वेळी आमच्या जातीच्या माणसाला काय होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. हात मशीनवरून उचलवत नाही. आता होईल, आत्ता होईल, असं सगळं अंग ओरडत असतं. साहेबांना काय तोंड दाखवू, हा विचार आला. तार उपसलेला वॉर्डही डोळ्यांसमोर आला. 'दोन मिनिटं' हे शब्द अगदी ओठांवर आले होते, ते मी गिळले. मशीन बंद केलं, डिस्क बदलली, पुन्हा चालू केलं.

नर्सेसनी नव्या बायांच्या खाटा जोडून दिल्या आणि स्क्रीनवर ओळी परत आल्या. जुळ्यांच्या दोन ओळी एकाखाली एक धावत होत्या. थोड्या वेळाने त्यातली एक मंदावली. टेबलाशी बसलेल्या नर्सने ते बसल्या जागी पाहिलं आणि डॉक्टर धावत आले. मला कोपऱ्यात ढकलण्यात आलं, आणि ते योग्यच होतं. संध्याकाळी दोन मुली जन्मल्या. पोटात असताना जी मंदावली होती, तिने बाहेर येऊन बहिणीपेक्षा मोठा आवाज लावला.

साहेबांना मुलींचा आनंद झाला, पण तेवढ्यापुरताच. शहाण्णव टक्क्यांवरून कुणी मागे फिरतं का, असं त्यांनी मला तीन लोकांसमोर विचारलं. मला फार लागलं ते. रात्री जेवताना सासूबाईंनी मला जास्तीचं वाढून सांत्वन केलं. बायको जेवण उरकून सरळ झोपायला गेली. ती भांडते तेव्हा परवडते.

गुरुवारी मी हट्टाला पेटलो. त्या वॉर्डाला एक पुराणा प्रिंटर जोडलेला आहे, तसा चालू असलेला अख्ख्या हॉस्पिटलात दुसरा नाही. त्यामुळे माझ्या एकाही चाचणीत तो आलाच नव्हता. गोदामातून त्याचा मोडका भाऊबंद शोधून काढला, तळघरातल्या मशीनला जोडला आणि तेच अपडेट सोडलं. शहाण्णवला अडकलं. मी समोर बसून राहिलो. जेवून आलो, शहाण्णव. चहा झाला, शहाण्णव. मी घरी निघालो तेव्हाही महाराज तिथेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटरचं जुनं सॉफ्टवेअर आधी काढून टाकलं आणि अपडेट सुरळीत शेवटापर्यंत गेलं. इलाज सापडला होता, पण पुन्हा वेळ मागायला जायची माझी हिंमत होईना. एकदा तोंडघशी पडलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने मागायचं? संध्याकाळी तार उपसायला पक्कड लागेल का, एवढाच विचार मी करत होतो.

दुपारी फोन वाजला.

"वॉर्डात एकच बाई आहे, तिला अजून वेळ आहे. वरच्या मजल्यावरून दोन नर्स जास्तीच्या मागून घेतल्यात. कधी येतोस?"

लिफ्टची वाट न बघता मी जिन्याने गेलो. या वेळी कुठेच अडलं नाही. स्क्रीन उजळला, एकुलती एक ओळ सुखाने धावू लागली. पुराण्या प्रिंटरनेही नव्या सॉफ्टवेअरवर कुरकुरत कागद ओढला. मी साहेबांना कळवलं आणि मग न राहवून तिला विचारलं, की इतकी वर्षं वेळ मागून माझे जोडे झिजले, आणि आज न मागता कसा काय दिलास?

ती चार्टवर काहीतरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "इतकी वर्षं मला भीती वाटायची. एकदा तुला इथे बसवलं की तू काम पुरं झाल्याशिवाय हलायचा नाहीस, मग खाटेवर काहीही होवो. परवा तू शहाण्णववरून उठलास. सांगितल्यावर जो उठतो, त्याला खुर्ची द्यायला काय हरकत आहे?"

मी परवापासून ज्याला हार समजून तोंड लपवत होतो, त्याच्याच जोरावर हा वॉर्ड मला मिळाला होता. मी खुर्चीतच बसून स्क्रीनवरची ती ओळ बघत राहिलो.

दार उघडलं, स्ट्रेचर आत आलं.

"ऊठ आता," ती म्हणाली.

मी लगेच उठलो.