वैशंपायनांची पाटी एक मजला वर

मी एक नावाची पाटी आहे. शिसवी लाकडावर पितळी अक्षरं, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. वर 'त्र्यंबक गणेश वैशंपायन' आणि खाली 'सौ. सुमती त्र्यंबक वैशंपायन'. वाचताना दम लागला असेल, तर त्यात माझा दोष नाही. डोंबिवलीतल्या ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने सुचवलं होतं, "काका, नुसतं त्र्यं. ग. करू या ना. सुटसुटीत दिसेल."

त्र्यंबकराव म्हणाले होते, "कचेरीत जन्मभर आद्याक्षरांची सही केली. आता दारावर तरी पूर्ण दिसू दे मला."

अशी मी दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दारावर लागले. सुमतीकाकू मला दर रविवारी चिंचेने घासायच्या. इतकी चमकायचे, की समोरच्या बाई जाता-येता माझ्यात बघून केस नीट करायच्या.

मग त्यांच्या मुलाने, केदारने, ठाण्यात घोडबंदर रोडला उंच इमारतीत घर घेतलं. आईवडलांना तिकडे नेलं. पाट्यावरवंट्यासकट सगळं गेलं, मीही गेले. पण तिथल्या सोसायटीचा नियम निघाला, की दारावर फक्त नंबर लावायचा, नाव नाही. सगळी दारं एकसारखी दिसली पाहिजेत म्हणे. त्र्यंबकरावांनी मला पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि म्हणाले, "ही परत डोंबिवलीला जाऊ दे. निदान एका दारावर तरी माझं नाव राहील."

पण त्या दारामागचं घर आता भाड्याने द्यायचं होतं आणि त्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं होतं. नकाशात ठाणे आणि डोंबिवली शेजारी-शेजारी दिसतात. घोडबंदरच्या ट्रॅफिकला तो नकाशा कोणी दाखवलेला नाही. म्हणून देवेश आला. आमच्या इमारतीच्या खालीच त्याचा गाळा आहे, बाहेर इस्टेट एजंटचा बोर्ड.

"काका, ही बिल्डिंग आमच्या राघो आज्याच्या भातशेतावर उभी हाय," तो म्हणाला. "मी लक्ष नाय ठेवणार तर कोण ठेवणार?"

त्र्यंबकरावांनी त्याला दोन कामं सांगितली. माणसं चांगली आणायची आणि दर महिन्याला घराचा फोटो पाठवायचा. पहिलं काम देवेशने झकास केलं. जागृती, तिचा नवरा आणि मुलगी कृतिका राहायला आली. आधी ही तिघं विठ्ठलवाडीला रुळांच्या कडेला राहायची. गाडी गेली की कृतिकाची वही टेबलावरून सरकायची. इथे शांतता होती, शाळा समोर होती आणि पोरगी नववीत होती, पुढे दहावी.

दुसऱ्या कामात मात्र अडचण होती. देवेश लाजाळू. घरात बाईमाणूस एकटं असताना बेल वाजवून 'स्वयंपाकघराचा फोटो काढू का' असं विचारणं त्याला जन्मात जमणार नव्हतं. म्हणून तो बंद दाराचा, म्हणजे माझाच फोटो काढायचा, 'सर्व ठीक' असं लिहून पाठवायचा आणि पळायचा. त्र्यंबकरावांना आपलं नाव दिसायचं. तेही खूश.

पुढच्या वर्षी सोसायटीने जिना आणि दारं रंगवायला काढली. रंगाऱ्याने माझे स्क्रू काढून मला देवेशकडे दिलं आणि दारांवरचे नंबरसुद्धा रंगवून टाकले. रंग वाळल्यावर देवेश ड्रिल घेऊन मला लावायला निघाला. तेवढ्यात त्र्यंबकरावांचा फोन आला.

"देवेश, पाटी डोळ्यांच्या रेषेत हवी हं."

"हो काका."

"माझ्या डोळ्यांच्या. तू उंच आहेस."

"हो काका."

"आणि वाकडी नको. मागच्या वेळी 'सौ.' जरा खाली गेली होती, तर ही दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

हो काका, हो काका करत देवेश पायऱ्या चढत राहिला. दुसरा मजला गेला. मी मनातल्या मनात ओरडले, पण पितळेला आवाज कुठला! फोन संपला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या दारावर मी अगदी सरळ, डोळ्यांच्या रेषेत लागले होते.

त्या दारामागे चार पोरं भाड्याने राहायची. त्यांचा मालक परदेशात. एकाही पोराने विचारलं नाही. सुमित नावाचा एक जण दार उघडून मला बघून एवढंच म्हणाला, "भाई, अपना घर बिक गया क्या?" आणि आत जाऊन झोपला. खाली जागृतीला वाटलं, मालकाची पाटी मालकाच्या माणसाने नेली, आपण भाडेकरू, आपण कशाला विचारायचं? भाड्याच्या घरात खिळा ठोकायलासुद्धा विचारावं लागतं. खिळा काढला तर कोण बोलणार?

देवेश दर महिन्याला मला शोधत वर यायचा, फोटो काढायचा आणि पळायचा. पण आता फोटोत माझ्याखाली चपला होत्या. फुटबॉलचे बूट, ऑफिसचे बूट, एकट्याच उरलेल्या स्लिपरा. देवेश फोन स्पीकरवर ठेवतो, म्हणून जिन्यातून मला सगळं ऐकू यायचं.

"देवेश, फोटो मोठा करून बघितला. तीन माणसांना एवढ्या चपला?"

"पाहुणे आले असतील, काका."

"दर महिन्याला? आणि सगळे बाप्येच? अरे, त्यांनी आत पोटभाडेकरू ठेवलेत!"

देवेशने एक चूक केली. 'बेल वाजवून विचारतो' असं तो म्हणाला नाही. मग एका दुपारी खालच्या जिन्यातून जागृतीचा आवाज आला. ती फोनवर होती.

"अ‍ॅग्रीमेंट पुढे करायचं नाही? देवेशदादा, काय चुकलं आमचं? ... चपला? कुणाच्या चपला?" मग तिचा आवाज चढला. "अहो, पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. आता कुठे घर बघू?"

त्या दिवसापासून कृतिकाच्या मैत्रिणी चपला हातात घेऊन घरात जाऊ लागल्या. जागृती दार पुसायची, उंबऱ्यावर रांगोळी काढायची. आणि वर माझ्याखालचा ढीग वाढतच होता. एकदा तर सुमितने ओला टॉवेल माझ्यावरच वाळत घातला. देवेशने तसाच फोटो पाठवला.

नावावर टॉवेल! त्र्यंबकराव सुमतीकाकूंना घेऊन स्वतः निघाले. सकाळचा चहा घेऊन निघालेले दोघं जेवायच्या वेळेला पोचले. सवयीने पाय दुसऱ्या मजल्यावर थांबले आणि मला खालून तो ओळखीचा आवाज आला.

"माझं नाव कुठंय?"

जागृतीने दार उघडलं. "या ना काका. देवेशदादा बोलले, तुम्ही येणार म्हणून."

"आधी पाटी कुठंय ते सांगा. फेकलीत?"

"फेकू कशाला? ती तर वर्षभर वर आहे. मला वाटलं, वरचं घरही तुम्हीच घेतलंत."

सगळे वर आले. मागून देवेश धापा टाकत. त्र्यंबकरावांनी टॉवेल दोन बोटांनी उचलला. दार उघडून सुमित बाहेर आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंदच आनंद.

"वैशंपायन काका! अरे, फायनली! काका, कुरिअरवाले, पिझ्झावाले, सगळे मला वैशंपायनच बोलतात. मी पण ओ देतो. ते 'त्र्यं' कसं लिहायचं, शिकवाल का?"

देवेश जमिनीकडे बघत म्हणाला, "काका, एक मजला जास्त चढलो मी. तुम्ही फोनवर होता."

"म्हणजे दोष माझा?"

"हो," सुमतीकाकू म्हणाल्या. "आणि त्या पोरीला घरातून काढायला निघालात, तोही तुमचाच. बेल वाजवायची सोडून घरबसल्या चपला मोजत होतात."

त्र्यंबकराव देवेशकडून मला उतरवून घेऊन खाली गेले. रांगोळी चुकवून उंबरा ओलांडला आणि जागृतीने वाढलेला वरणभात जेवले. कृतिकाचं भूमितीचं पुस्तक हातात घेऊन बघितलं. उठताना म्हणाले, "अ‍ॅग्रीमेंट पुढे करू. परीक्षा होऊ दे, मग कॉलेजही आहेच." जागृती पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली, ती जरा उशिरानेच बाहेर आली.

देवेशने मला परत दुसऱ्या मजल्यावर लावलं. सुमतीकाकूंनी नवऱ्याला बजावलं होतं, की ड्रिल थांबेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. त्यांनी नाही काढला. फक्त उजव्या हाताने हवेत 'जरा डावीकडे' करत राहिले.

आता मी माझ्या दारावर आहे. किंचित उजवीकडे झुकलेय, पण ते कोणी त्यांना सांगू नका. देवेश आता बेल वाजवतो. वाजवून तीन पायऱ्या खाली जाऊन उभा राहतो, पण वाजवतो. माझ्याखाली कृतिकाने एक कागद चिकटवलाय: 'अभ्यास चालू आहे. बेल वाजवू नये.' ते वाचून देवेशला कोण आनंद झाला! त्याने फोटो काढून पाठवला आणि मी धास्तावले, कारण त्या दारावर दुसऱ्या कुणाचं अक्षर त्र्यंबकरावांनी कधी खपवून घेतलेलं नाही.

फोन वाजला. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, हळू, दबका, जणू आत कोणी झोपलंय.

"देवेश, कागदाचा एक कोपरा सुटतोय. नीट चिकटव. आणि आवाज करू नकोस."

लांबून घर सांभाळणाऱ्यांनो, एवढंच मागते. एकदा जिना चढून या, दारामागच्या माणसाशी बोला. आणि ज्याच्या हातात ड्रिल आहे, त्याला फोन करू नका.