बिडीची थोटकं आणि वाळूची बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. पण मला घेऊन कुणी नळावर जात नाही. माझं बूड गोल आहे. जमिनीवर ठेवलं की मी लवंडते. मला घडवणाऱ्या कारागिरानं हे मुद्दाम केलं. बूड सपाट असतं तर कुणी मला अंघोळीला नेलं असतं, कुणी सिमेंट कालवायला, आणि आग लागल्यावर मी जागेवर सापडले नसते. मला लाल रंग दिला, पोटात कोरडी वाळू भरली आणि भिंतीतल्या हुकाला टांगलं. तेव्हापासून माझं काम एकच, वाट बघणं.

मी भिवंडीत, नारपोलीतल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात राहते. दिवसभर चोवीस लूम खडखडतात आणि सुतातून तूस उडतं. तूस म्हणजे कापसाची बारीक लव. ती भिंतींवर बसते, तारांवर बसते, माणसांच्या भुवयांवरही बसते. हाताला मऊ लागते, पण ठिणगी पडली की विस्तव तिच्यावरून पळत सुटतो. म्हणून सुरुवातीला माझा मोठा मान होता. दसऱ्याला लूमची पूजा झाली की मोठे शेठ एक झेंडू माझ्याही कडीला अडकवायचे.

मग वर्षं गेली आणि आग काही लागली नाही. माझा रंग उडाला. एके दिवशी कुणीतरी माझ्या वाळूत बिडी विझवली. ती बिडी चांगदेवची होती.

चांगदेव आमचा जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या एका गावातून तरुणपणी आला आणि इथंच केस पिकवले. नुसत्या आवाजावरून कुठला लूम आजारी आहे ते तो सांगायचा. माणूस गुणी, पण बिडीशिवाय त्याचं पान हलत नसे. त्याचं बघून बाकीचेही माझ्यात थोटकं खोचू लागले. कुणी पान खाऊन थुंकलं. पावसाळ्यात ओल आली आणि वाळूचं ढेकूळ झालं. मला लाज वाटायची, पण हुकावरून उतरून जाणार कुठं?

माझ्या शेजारीच हौसाबाईचं कांडीचं मशीन होतं. छोट्या कांड्यांवर सूत भरून देणं हे तिचं काम. ती चांगदेवच्याच गावची, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. तिनं जन्मात बिडी ओढली नव्हती. मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, मात्र सकाळ-दुपार दातांना लावायची. अलीकडे तिची छाती भरून यायची. श्वास घेताना आत शिट्टी वाजायची. माझ्याजवळ बिडी पेटली की ती पदर नाकाला लावायची.

एकदा तिनं तोंड उघडलंच. "चांगदेव, बाहेर जाऊन वढ ना रं. माझा दम कोंडतंय."

"बिडी माझी, छाती माझी," चांगदेव म्हणाला. "तुला काय करायचंय? आणि तू मशेरी लावतंस ती?"

"माझी मशेरी माझ्या दातांवर ऱ्हाते," हौसाबाई म्हणाली. "तुझ्या दातांना लागते का? तुझा धूर मात्र माझ्या उरात येतंय. त्याला सांग की, चांगदेवच्या छातीतच ऱ्हा म्हणून."

चांगदेव हसला, पण बिडी विझवली नाही.

पुढे गेल्या वर्षी शेजारच्या गल्लीत एक कारखाना जळून खाक झाला. मोठ्या शेठनंतर धंदा बघणारा त्यांचा मुलगा धनेश त्या रात्री हादरला. दुसऱ्याच दिवशी आमच्या दारावर धूम्रपानबंदीचा बोर्ड लागला. काडेपेट्या गेटवर ठेवायच्या असं ठरलं. चांगदेव कुरकुरला, पण रस्त्यापलीकडच्या उंबराखाली जाऊन बिडी ओढू लागला. हौसाबाईला बरं वाटलं. मलाही.

पण धनेशशेठचं तेवढ्यावर भागेना. त्यानं उंबराखालीही बंदी केली. मग ड्युटीवर येणाऱ्यांची तोंडं हुंगायला लागला. कारखान्यामागच्या त्याच्याच खोल्यांत कामगार राहायचे. तिथं ओट्यावर कुणी बिडी पेटवलेली दिसली, तरी दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळेना.

"शेठ, कारखाना तुमचा," चांगदेव एकदा म्हणाला. "पण माझ्या ओट्यावर बसल्यावर तरी मी माझा हाय का न्हाय?"

"काका, तुमच्या भल्यासाठीच करतोय," धनेश म्हणाला. "बंद म्हणजे बंद. नहीं जमता तो दूसरी जगह देखो."

आता इथून पुढचं मी जपून सांगते, कारण मी ते सगळं पाहिलं आहे.

त्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली होती. लूम थांबले होते. हौसाबाई तेवढी पाठमोरी बसून राहिलेल्या कांड्या भरत होती. चांगदेव इकडंतिकडं बघत आत आला आणि माझ्या बाजूच्या बिनदाराच्या खोलीत शिरला. तिथं तयार कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले होते. बाहेर कुठं जागा उरली नाही म्हणून हा शहाणा माणूस जिथं कधीच पेटवायची नाही तिथं लपून, चोरून आणलेल्या काडीनं बिडी पेटवत होता. दोन झुरके झाले असतील, तेवढ्यात गेटवर धनेशशेठची मोटरसायकल वाजली. चांगदेव दचकला. त्यानं बिडी चिमटीत दाबली, ताग्यांच्या फटीत सारली आणि पाना हातात घेऊन काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बाहेर गेला.

बिडी विझली नव्हती. मला ती दिसत होती. आधी कापडावर एक तांबूस ठिपका, मग त्याच्या कडेनं वळवळणारी लाल रेघ. मी बादली, मला ओरडता येत नाही. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर होता, आणि मी गप्प लटकत होते.

वास आधी हौसाबाईला आला. ती उठेपर्यंत भिंतीवरच्या तुसानं पेट घेतला आणि एक निळी ज्योत सरसर वर धावली.

"चांगदेव! शेठ! आग! बटन पाडा!"

तिनं मला दोन्ही हातांनी हुकावरून काढलं आणि आगीवर उलटं केलं. वाळू पडलीच नाही! चार थोटकं आणि मूठभर माती बाहेर आली. बाकीचं ढेकूळ माझ्या पोटात घट्ट बसलं होतं. हौसाबाई खोकत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं मला जोरात फरशीवर आपटलं. माझी कड चेपली. पुन्हा आपटलं. ढेकूळ फुटलं, आणि या वेळी वाळू भसकन ज्योतीवर पडली.

तोवर मेन स्विच पाडून चांगदेव धावत आला. पेटता तागा त्यानं उघड्या हातांनी ओढून बाहेर फेकला. मागून धनेशनं पाण्याचं पिंप ओतलं. आग विझली. सात तागे गेले, बाकीचं वाचलं. चांगदेवच्या दोन्ही तळव्यांची कातडी सोलली होती.

धूर थोडा निवळला तसा धनेश ओरडला, "आत कोण होतं?"

आत हौसाबाईच होती. तिच्या मशीनवर मशेरीची डबी होती. धनेशची नजर तिच्यावर गेली.

"काकी, मशेरी भाजत होतीस ना आत? म्हातारपणाकडं बघून पोलिसांत देत नाही. चल, उचल पिशवी, परत इथं दिसू नकोस!"

"मशेरी मी घरून भाजून आणते, शेठ," हौसाबाई एवढंच बोलू शकली. श्वास पुरत नव्हता. तिनं चांगदेवकडं पाहिलं. तो खाली बघत होता. मित्रांनो, आगीपेक्षाही तो क्षण मला जड गेला. तिला नुसता संशय होता, पण मला माहीत होतं. हौसाबाईनं डबी पिशवीत टाकली आणि दाराकडं वळली.

"थांब, हौसाबाय," चांगदेव म्हणाला. "शेठ, तिनं काय केलं न्हाय. बिडी माझी. मीच ताग्यांत खुपसली."

हौसाबाई दारातच थांबली.

"उंबराखाली जाऊ दिलं असतं तर मी चोरासारखा आत आलो नसतो," तो पुढं म्हणाला.

"गप ऱ्हा," हौसाबाई कडाडली. "आत कापूस हाय ते तुला ठाऊक नव्हतं? शेठवर कशाला ढकलतंस?"

चांगदेवनं मान हलवली. "खरं हाय. चूक माझी."

धनेश त्याला कायमचा काढणार होता. हौसाबाईनं भिंतीला टेकून दम घेतला. "शेठ, आत बिडी दिसली तर मीच त्याला हाताला धरून बाहेर काढीन. आत बंदी पायजेच. पण तो आपल्या ओट्यावर काय करतंय, ते हुंगायला तुमी जाऊ नका. माणूस लपायला लागला की जास्त घात करतंय."

धनेशनं जळलेल्या ताग्यांकडं आणि चांगदेवच्या तळव्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, "आधी दवाखान्यात चला, काका."

महिन्यानं चांगदेव कामावर परत आला. आत अजूनही कडक बंदी आहे. पण तोंडं हुंगणं थांबलं आणि उंबराखालची बंदीही उठली. माझी कड कुणी सरळ केली नाही, मात्र वाळू नवी भरली.

परवाचीच गोष्ट, लूम थांबलेले असताना उघड्या दारातून मी पाहिलेली-ऐकलेली. दुपारच्या सुट्टीत चांगदेव उंबराखाली बसला होता. तळवे आखडलेले, बिडी कशीबशी पेटवली. तेवढ्यात हौसाबाई मोकळ्या हवेला म्हणून तिथल्याच दगडावर येऊन बसली. चांगदेवनं वर हलणाऱ्या पानांकडं पाहिलं, उठला आणि लांब दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

"रागावलास का रं?" तिनं विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला. "वारा तुझ्याकडं हाय."

मित्रांनो, कुठं माझी एखादी बहीण टांगलेली दिसली, तर तिच्यात कचरा टाकू नका, कुणी टाकत असेल तर त्याला अडवा. तुम्हीही उद्या मोठे व्हाल. माझं मी बघेन, तुम्ही कोण सांगणार, असं तुम्हीही कधीतरी म्हणाल. जरूर म्हणा. फक्त म्हणण्याआधी मान वळवून बघा, शेजारी कोण बसलं आहे.