गोड मानून घेऊ

टण्.

बाळ आत्ता कुठं झोपलं होतं. तासभर खांद्यावर थोपटून, श्वास रोखून त्याला खाली ठेवलं, आणि घर एकदम गप्प झालं. तेवढ्यात मागच्या पायरीवरून तो आवाज आला. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, टण्.

मी दारातून डोकावले. बारकी पायरीवर बसली होती. मांडीवर पळायचे बूट, हातात खिळे फिरवायची बोटभर चावी. तळव्यातला एकेक खिळा फिरवून काढायचा आणि शेजारच्या स्टीलच्या वाडग्यात टाकायचा, असं चाललं होतं. एका बुटाला सहा खिळे. दुसरा बूट अजून तसाच होता.

"काय करतेयस गं?"

"खिळे काढतेय. बोथट झालेत."

खिळे बोथट झालेले नव्हते. दोन महिन्यांपूर्वी तिच्या शाळेच्या सरांनी स्वतः बसवून दिले होते. पण या घरात मी आता जपूनच तोंड उघडते, आणि हातात पेन तर घेतच नाही. आज घेतलंय ते बाळ झोपलंय आणि कुणी बघत नाही म्हणून.

बारकी माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मी सतराची. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचे दात पडले ते मी कागदात गुंडाळून ठेवले, आणि ती घरात कधी चालायचीच नाही म्हणून रोज ओरडलेही मीच. दुकानातून काही आण म्हटलं तर "आणते" हा शब्द कानावर पडेपर्यंत ती परत आलेली असायची. शाळेच्या सरांनी एकदा हातातलं घड्याळ दाबून तिला आठशे मीटर पळवलं, आणि घड्याळाकडं बघून ते घड्याळच हलवून पाहिलं. बिघडलंय की काय म्हणून.

आमचे बाबा चर्चचे राखणदार. घंटा वाजवणं, बाकं पुसणं, उपासनेनंतर राहिलेल्या छत्र्या जपून ठेवणं, हे त्यांचं काम. चर्चच्या मागच्या दोन खोल्या हे आमचं घर. बाळंतपणासाठी मी माझ्या पाच वर्षांच्या खारूला घेऊन इथंच आले होते. खारू हे तिचं घरातलं नाव; कारण खाली उभी आहे म्हणावं तर ती कपाटावर असते.

बाबांचा एकच नियम होता: मागायचं नाही. कुणाकडं गेलो आणि चहा की कॉफी विचारलं, तर आम्ही तिघंही एका सुरात म्हणणार, काहीही चालेल. बारकी म्हणायची, "एक दिवस कुणीतरी रॉकेल आणून ठेवेल, आणि बाबा घोट घेऊन म्हणतील, वा, गोड आहे." बाबाही हसायचे. नियम मात्र तसाच राहायचा.

त्या वर्षी ख्रिस्ती युवकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आमच्या गावात भरायच्या होत्या. चाळीस देशांची मुलं येणार, एकत्र खेळणार, एकत्र जेवणार, एकमेकांची गाणी शिकणार. चर्चच्या दारावर फलक लागला: 'धावू संगतीनं, वाढू प्रीतीनं'. मुलींच्या आठशे मीटरमध्ये यजमानांना दोन जागा होत्या. पहिल्या तिघींना वर्षभर परदेशात प्रशिक्षण मिळणार होतं. वयाची अट सतरापर्यंत. बारकीला सतरा संपायला तीन महिने होते, आणि पुढच्या स्पर्धा चार वर्षांनी.

अर्ज आला तेव्हा मला आठवा महिना होता. घरात अक्षर माझं बरं, म्हणून पोटावरच वही टेकवून मी लिहायला बसले. नाव, जन्मतारीख, उंची. मग बारावा प्रश्न आला: 'आपण स्पर्धेत कशा प्रकारे सहभागी होऊ इच्छिता?' खाली चार रिकाम्या ओळी.

"आठशे मीटर," बारकी म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिही, ताई."

"असं तोंड वर करून लिहितात होय?" बाबा चष्मा पुसत म्हणाले. "चाळीस देशांची माणसं वाचणार. तुझी वेळ सर पाठवणारच आहेत. आपण आपली रीत सोडायची नाही. लिही गं, जे द्याल ते गोड मानून घेऊ."

"अहो बाबा, पण..."

"अगं, सही कर आणि हो बाजूला," मीच म्हणाले. "त्यांना कळतं सगळं."

मी ती ओळ लिहिली. चार ओळींच्या बरोब्बर मध्ये, वेलांट्या गोल गोल काढून. लिहून झाल्यावर कागद जरा लांब धरून पाहिला. छान दिसत होती.

यादी लागली. आठशे मीटरमध्ये दोन नावं होती, त्यात बारकीचं नाव नव्हतं. ते होतं शेवटच्या पानावर: सेवापथक.

दुसऱ्या दिवशी सर, बाबा, बारकी आणि मी संयोजक बाईंच्या कार्यालयात गेलो. दारापासून टेबलापर्यंत टी-शर्टांचे खोके, आणि कोपऱ्यात एका बादलीत चाळीस देशांचे गुंडाळलेले झेंडे. बाईंनी मला आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. वाईट बाई नव्हत्या हो त्या. तेच तर.

सरांनी कागद पुढं केला. "मॅडम, हिची वेळ दोन मिनिटं सोळा. तुम्ही घेतलेल्या दुसऱ्या मुलीची दोन बावीस. काहीतरी चूक झालीय."

"चूक नाही, सर. आम्ही नुसते सेकंद मोजत नाही, मन बघतो. त्या मुलीनं लिहिलंय, आठशे मीटर, दुसरं काही नको. तिला दुसरं काय देणार? आणि तुमच्या मुलीनं..." त्यांनी फाईल उघडली. माझं अक्षर मला लांबूनच ओळखू आलं. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. "शंभर अर्जांत असं उत्तर नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सेवापथकात आम्हाला असंच माणूस हवं होतं."

"ते मी लिहिलंय," मी म्हणाले. "तिनं नाही."

"सही तिची आहे ना?"

"अहो, पण ते नुसतं म्हणायचं असतं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. खरंच गोंधळल्या होत्या त्या. "म्हणजे? ही नुसती बोलायची पद्धत आहे, की मनापासून लिहिलंय?"

मी बाबांकडं पाहिलं. सरांनी पाहिलं. बारकीनं तर आधीच पाहिलं होतं. 'पद्धत' एवढा एक शब्द पुरला असता. बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. चाळीस वर्षं ज्या वाक्यावर त्यांनी घर चालवलं, ते खोटं होतं असं त्यांना एका परक्या बाईसमोर म्हणायचं होतं.

"मनापासून, मॅडम," बाबा म्हणाले.

येताना सर आमच्याबरोबर नाही आले. दाराशी पोचल्यावर बाबा कुलूप काढता काढता पुटपुटले, "देवाची इच्छा."

"देवाची नाही, बाबा," बारकी म्हणाली. "ताईच्या अक्षराची."

त्यानंतर आठवड्याभरात बाळ झालं. उद्घाटनाला मी त्याला दुपट्यात गुंडाळून, खारूचं बोट धरून गेले. जायला नको होतं. पण ती एकटी तिथं असणार, हे सहन होईना.

दारात माहितीपुस्तिका वाटत होते. तिसऱ्या पानावर ओंजळीचं चित्र होतं, आणि खाली ती ओळ छापलेली: जे द्याल ते गोड मानून घेऊ. चाळीस देशांच्या भाषांमध्ये. मी पुस्तिका बाळाच्या दुपट्याखाली सारली.

बायबलात गुरूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून यजमान मुली पाहुण्या खेळाडूंचे पाय धुणार होत्या. रांगेत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढं निळा प्लास्टिकचा टब, आणि दर दोन टबांपुढं गुडघ्यांवर एकेक मुलगी, पांढरा एप्रन घालून. बारकी डावीकडून चौथी.

तिच्या खुर्चीवरची मुलगी उंच, सडसडीत, तिच्याच वयाची. पाण्यात पाय घालताच तिला गुदगुल्या झाल्या आणि ती फिसकन हसली. बारकी नाही हसली. तिनं एक पाय उचलला, टॉवेलवर घेतला आणि तशीच थांबली. त्या मुलीच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. पळून पळून, बुटाला घासून पडतं तसं. बारकीनं स्वतःची चप्पल काढली आणि आपला अंगठा पुढं केला. तसाच काळा.

ती मुलगी खुर्चीतून वाकली. तिनं बोटांवर मोजून दाखवलं: आठ, मग दोन्ही मुठी मिटून शून्य, शून्य. बारकीनं मान हलवली. मुलीचा चेहरा खुलला. तिनं स्वतःकडं बोट दाखवून पाच बोटं वर केली, म्हणजे पळायची पाचवी पट्टी. मग बारकीकडं बोट करून भुवया उंचावल्या. तू कितवी?

बारकीनं निळ्या टबावर टिचकी मारली.

मुलीला वाटलं, हिला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, आणखी सावकाश. बारकीनं तिचा दुसरा पाय पाण्यातून काढला, बोटांच्या बेचक्यांतून टॉवेल फिरवून कोरडा केला, आणि पुढच्या खुर्चीकडं सरकली.

दोन दिवसांनी शर्यत झाली. सेवापथकाला शेवटच्या रेषेपाशी टॉवेल धरून उभं केलं होतं. पाचव्या पट्टीवरचीच जिंकली, दोन मिनिटं अठरा. आपली दोन बावीसवाली सातवी आली. सरांनी हातातलं घड्याळ बंद केलं आणि खिशात टाकलं. ती मुलगी धापा टाकत आली आणि बारकीनं उघडलेल्या टॉवेलमध्येच पडली. दोघींचा फोटो निघाला. म्हणे फार सुंदर आलाय, पुढच्या स्पर्धांच्या फलकावर वापरणार आहेत.

काल समारोपाला सेवापथकाला भेटी द्यायच्या होत्या. टेबलावर एका बाजूला पाठीवरच्या पिशव्या, एका बाजूला पाण्याच्या बाटल्या. बाई प्रत्येकीला प्रेमानं विचारत होत्या. बारकीची पाळी आली.

"बोल बाळ, तुला काय आवडेल? बॅग की बाटली?"

"आठशे मीटर," बारकी म्हणाली.

बाई खळखळून हसल्या. "किती गोड आहे हो ही!" असं म्हणून त्यांनी तिला दोन्ही दिलं. आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी काही मागितलं होतं, तर त्याचा विनोद झाला.

बाबांनी ते ऐकलं. आज सकाळपासून ते चर्चमध्येच आहेत. बाकं पुसून झाली, तरी पुसतायत. मघाशी मी चहा घेऊन गेले आणि सवयीनं विचारलं, साखर घालू का. ते काहीतरी म्हणायला गेले, थांबले, आणि पुन्हा फडकं फिरवायला लागले. चहा तसाच गार झाला.

टण्. पहिला बूट संपला. बारकीनं दुसरा मांडीवर घेतला.

"राहू दे ना गं," मी शेवटी म्हणाले. "कधीतरी लागतील."

"कुणाला?"

तेवढ्यात बोळातून खारू ओरडली. सराव चालायचा तेव्हा बारकी रोज संध्याकाळी चर्चला फेऱ्या मारायची, आणि शेवटची फेरी संपताना खारू जुन्या पडद्याची लाल पट्टी ताणून उभी राहायची. मावशी छातीनं पट्टी ओढून न्यायची आणि खारूलाही उचलून न्यायची. आज तिनं पट्टीचं एक टोक नळाला बांधलं होतं, दुसरं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी होती.

"मावशी, मी तयार आहे! ये!"

बारकीनं मान वर केली नाही. चावी फिरत राहिली. मी उठून खारूपाशी गेले, पट्टी तिच्या हातातून घ्यायला लागले. तिनं सोडली नाही. बोटं पांढरी पडली होती, तरी धरून राहिली.

"आई, हात दुखायला लागला गं," ती म्हणाली. "मावशी कधी येणार पळत?"